नव्वद सेकंदांचा ठेका: स्वतंत्र राउटर एका तालात कसे आले

मे १९९२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन हे दोन संशोधक इंटरनेटचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे वर्तन मोजत होते. पद्धत साधी होती. बर्कलीहून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे साधारण सेकंदाला एक या गतीने एक हजार पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश, पाठवायचे, प्रत्येकाचे उत्तर किती वेळात परत आले ते नोंदवायचे आणि जे परतलेच नाही ते हरवले असे धरायचे. अशा प्रत्येक फेरीत किमान ३ टक्के पॅकेट (जाळ्यावरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) हरवत होती.

३ टक्के हा आकडा नुसता समोर ठेवला, तर त्यावरून जाळ्यावर ताण आहे एवढेच म्हणता येते, आणि तो काळ लक्षात घेता त्यात कोणाला नवल वाटले नसते. हरवलेली पॅकेट काळाच्या अक्षावर मांडल्यावर मात्र चित्र पालटले. पॅकेट कुठेही, कशीही हरवत नव्हती. सुमारे ९० सेकंदांच्या अंतराने ती घोळक्याने हरवत होती आणि मधल्या काळात मार्ग बहुतांशी सुरळीत होता. हा भास आहे की खरा ठेका, हे तपासण्यासाठी स्वसहसंबंध काढला जातो. म्हणजे तीच नोंद स्वतःच्याच पुढे सरकवलेल्या प्रतीशी ताडून पाहायची आणि किती सरकवल्यावर दोन्ही जुळतात ते शोधायचे. ९० सेकंदांच्या आसपास ती ठळकपणे जुळली. मेंदूतील विद्युतलहरींचा किंवा प्राण्यांच्या झोपजागेचा अभ्यास करणारे लोकही हेच साधन वापरतात, आणि ते का वापरतात याचे हे प्रकरण उत्तम उदाहरण आहे: सरासरी तीच राहूनही काळातील मांडणी पूर्णपणे वेगळी असू शकते, आणि कारणाचा माग बहुतेकदा त्या मांडणीतच असतो.

९० सेकंद हा आकडा जाणकारांना लगेच ओळखू येण्यासारखा होता. कोणत्या मार्गाने कुठे पोहोचता येते याची माहिती राउटर, म्हणजे पॅकेट पुढच्या मार्गावर धाडणारी यंत्रे, एकमेकांना ठरावीक काळाने पाठवत असतात, आणि त्यासाठीच्या प्रत्येक नियमसंचाचा स्वतःचा कालावधी असतो. आरआयपीमध्ये तो ३० सेकंद, आयजीआरपीमध्ये ९० सेकंद आणि डेकनेटमध्ये १२० सेकंद होता. शोध घेतल्यावर मूळ सापडले ते न्यू इंग्लंड भागातील शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या निअरनेट या जाळ्याच्या मुख्य राउटरांमध्ये. तिथे आयजीआरपी चालत होते. मार्गांची अद्ययावत माहिती आली की ती वाचून आपला तक्ता सुधारण्यात राउटर गुंतत असे आणि तेवढा वेळ नेहमीची पॅकेट पुढे पाठवण्याचे काम थांबत असे. राउटरांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून दोन्ही कामे एकाच वेळी चालतील अशी सोय झाल्यावर तक्रार मिटली.

बहुतेक ठिकाणी प्रकरणाची फाईल इथेच बंद झाली असती. फ्लॉइड आणि जेकबसन यांनी ती उघडी ठेवली, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. कारण खरा प्रश्न अजून शिल्लक होता. माहिती वाचण्यासाठी एखादा राउटर क्षणभर थांबतो हे समजले. पण अनेक राउटरांच्या माहितीची देवाणघेवाण एकाच क्षणी का व्हावी? प्रत्येकाचा टायमर स्वतःचा होता, प्रत्येक यंत्र वेगळ्या वेळी सुरू झाले होते आणि सर्वांना एकत्र ठेका धरायला सांगणारे कोणतेही मध्यवर्ती घड्याळ नव्हते. ही यंत्रे खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर त्यांचे संदेश ९० सेकंदांत विखुरलेले दिसले असते आणि त्यांचा त्रास क्वचितच कोणाच्या लक्षात आला असता.

हे पहिल्यांदाच दिसत होते असेही नव्हते. १९८८ मध्ये याच प्रयोगशाळेच्या स्थानिक जाळ्यावर डेकनेटचे राउटर १२० सेकंदांच्या तालात एकत्र बोलताना आढळले होते; जाळे बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर काही तासांत सगळ्यांचे संदेश पूर्णपणे एका वेळी येऊ लागत. जून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरआयपीच्या अधिकृत दस्तऐवजातही इशारा होता, की एका जाळ्यावर बरेच राउटर असले की ते एकाच वेळी संदेश पाठवू लागण्याकडे झुकतात आणि टायमरवर यंत्राच्या कामाच्या भाराचा परिणाम होत असेल तर असे घडू शकते. डिसेंबर १९९२ मध्ये एका कार्यशाळेचे ध्वनिप्रसारण इंटरनेटवरून होत असताना दर ३० सेकंदांनी काही सेकंद आवाज तुटत होता. तो ठेका आरआयपीचा होता. लक्षणे अनेकांनी पाहिली होती. ती कशी उद्भवतात आणि नेमकी केव्हा उद्भवतात, याचा हिशेब मात्र मांडायचा राहिला होता.

टायमर कुठे पुन्हा सुरू होतो

फ्लॉइड आणि जेकबसन यांनी मांडलेले प्रारूप कमालीचे साधे आहे. टायमर संपला की राउटर आपला संदेश तयार करून पाठवतो आणि त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात शेजाऱ्याचा संदेश आला, तर तोही हातावेगळा करतो. ही सगळी कामे संपल्यावर, आणि संपल्यावरच, तो आपला टायमर पुन्हा सुरू करतो. सारे प्रकरण या शेवटच्या वाक्यात आहे. टायमर संपल्याबरोबर तो लगेच पुन्हा सुरू केला असता तर शेजाऱ्याचा आपल्या घड्याळाशी काही संबंध उरला नसता. काम आटोपल्यावर सुरू करायचा म्हटले की शेजाऱ्याचे काम आपल्या कालावधीत मिसळते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा क्रम स्वाभाविक वाटतो, आणि म्हणूनच तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी पुन्हापुन्हा लिहिला असावा.

सोयीचे आकडे घेऊन हे जवळून पाहू. समजा टायमर १२० सेकंदांचा आहे आणि एक संदेश हाताळायला ०.१ सेकंद लागतो. एकट्या राउटरचा प्रत्यक्ष कालावधी १२०.१ सेकंद होतो: टायमर १२०, स्वतःचा संदेश ०.१. आता दोन राउटरांचे टायमर योगायोगाने एकमेकांपासून ०.१ सेकंदाच्या आत संपले असे धरा. पहिला आपला संदेश तयार करत असतानाच दुसऱ्याचा संदेश येतो, दुसऱ्याचेही तसेच होते, दोघेही दोन संदेशांचे काम उरकतात आणि दोघेही जवळपास त्याच क्षणी टायमर सुरू करतात. पुढच्या फेरीत ते पुन्हा एकत्र येणार हे आता योगायोगावर अवलंबून राहिलेले नाही. या जोडीचा कालावधी १२०.२ सेकंद, आणि पाच जणांचा गट झाला तर १२०.५.

म्हणजे गट जितका मोठा तितका तो संथ. एकटा राउटर १२०.१ सेकंदांनी बोलतो, पाचांचा गट १२०.५ सेकंदांनी, गटाच्या तुलनेत तो एकटा दर फेरीला ०.४ सेकंद आधी येतो. असा सरकत सरकत तो कधीतरी गटाच्या कामाच्या खिडकीत सापडतो आणि त्यांच्यातलाच एक होतो. अगदी प्रतिकूल स्थितीत, म्हणजे त्याला जवळजवळ संपूर्ण १२० सेकंदांचे अंतर कापावे लागले तरी, त्याला सुमारे ३०० फेऱ्या लागतील, म्हणजे साधारण १० तास. तोवर गट सहाचा झालेला असतो, आणखी संथ झालेला असतो, म्हणून पुढचा एकटा राउटर त्याला अधिक लवकर गाठतो. डेकनेटच्या राउटरांना एका तालात यायला काही तास का लागत, हे या हिशेबातून सहज उमगते. कोणीही कोणाकडे खेचले जात नाही, कोणी कोणाची नक्कल करत नाही. गतीतील अत्यल्प फरक आणि एकदा सापडले की सुटका न होणे, या दोन गोष्टी पुरतात.

प्रत्यक्षात टायमर काटेकोर नसतात. त्यांत थोडी अनियमितता असते, आणि तीच या गटांना फोडणारी शक्ती आहे. गटातील सर्वांत आधी संपलेला टायमर दुसऱ्याच्या आधी ०.१ सेकंदाहून अधिक अंतराने संपला, तर तो राउटर आपले काम उरकून, कोणाचाही संदेश न येता, आपला टायमर सुरू करून मोकळा होतो. गट बांधणारी आणि गट फोडणारी अशा दोन प्रवृत्ती सतत एकमेकींविरुद्ध काम करतात. फ्लॉइड आणि जेकबसन यांनी २० राउटर, १२१ सेकंदांचा टायमर, ०.११ सेकंदाचा हाताळणीचा वेळ आणि अधिक-उणे ०.१ सेकंदाची अनियमितता घेऊन संगणकावर हे चालवून पाहिले. छोटे गट बनत आणि फुटत राहिले, बराच काळ काहीच घडत नाही असे वाटले, आणि मग एक गट पुरेसा मोठा होताच त्याने उरलेल्या सर्वांना झपाट्याने सामावून घेतले.

१९९३ मध्ये त्यांनी सादर केलेल्या आणि १९९४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या या कामातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष माझ्या मते हाच आहे, की विखुरलेल्या स्थितीतून एकतालात जाणे हळूहळू होत नाही. ते अवस्थांतर असते. राउटरांची संख्या वाढवत गेलो, तर एका टप्प्यापर्यंत जाळे जवळजवळ सदैव विखुरलेले राहते, आणि त्या टप्प्यावर एकाच राउटरची भर पडल्याने ते जवळजवळ सदैव एकतालात राहू लागते. ज्याच्यावर जाळे सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याच्या दृष्टीने ही फार गैरसोयीची गोष्ट आहे, कारण बिघाडाची पूर्वसूचना मिळत नाही. काल १९ राउटरांवर सुरळीत चाललेले जाळे आज २० वर बिघडते, आणि दोष त्या विसाव्या बिचाऱ्या यंत्रावर येतो, जे बाकीच्यांपेक्षा तसूभरही वेगळे नसते.

उपाय दोन, पण सारखे नाहीत

पहिला उपाय यंत्रणेतून सरळ निघतो: टायमर संपताच तो पुन्हा सुरू करा, कामाच्या भाराचा त्याच्याशी संबंध ठेवू नका. १९८८ च्या आरआयपी दस्तऐवजाने सुचवलेल्या दोन खबरदाऱ्यांपैकी ही एक होती. यामुळे गट बनण्याची प्रक्रिया थांबते, हे खरे. परंतु आधीच बनलेला गट यामुळे फुटत नाही. वीज जाऊन आली आणि सगळे राउटर एकदम सुरू झाले, किंवा एखादी जोडणी तुटल्याने सगळ्यांनी तातडीचा संदेश एकदम पाठवला, की ते एकत्र येतात. आणि टायमर एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील तर त्यांना पुन्हा पांगवणारे काहीही उरत नाही. जुळलेली घड्याळे जुळलेलीच राहतात.

दुसरा उपाय म्हणजे टायमरमध्ये जाणीवपूर्वक अनियमितता घालणे. इथे प्रमाण निर्णायक ठरते. चिमूटभर अनियमितता घातली की काम झाले, ही समजूत या विश्लेषणाने खोडून काढली. हाताळणीच्या वेळेच्या तुलनेत ती पुरेशी मोठी हवी. दहापट असेल तर बनलेले गटही लवकर फुटतात. सर्वांत निर्धास्त शिफारस अशी होती की टायमर ठरलेल्या कालावधीच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत कुठेही यदृच्छेने निवडावा, म्हणजे ९० सेकंदांऐवजी प्रत्येक वेळी ४५ ते १३५ सेकंदांतील कोणतीही वेळ. सरासरी तीच राहते, माहिती तितकीच ताजी राहते, फक्त ठेका मोडतो. आरआयपीच्या १९९८ च्या आवृत्तीत ३० सेकंदांच्या टायमरला ५ सेकंदांपर्यंत मागेपुढे सरकवण्याची तरतूद आहे, आणि मोठ्या जाळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या बीजीपीमध्ये टायमर ०.७५ ते १ यांमधील यादृच्छिक संख्येने गुणण्याची. आज सर्व्हरशी तुटलेला संपर्क पुन्हा जोडू पाहणारे प्रोग्राम प्रत्येक प्रयत्नाआधी यादृच्छिक वेळ थांबतात, त्यामागचा तर्कही हाच आहे.

मेंदू आणि वर्तन यांच्याशी नाते कुठवर

या प्रकरणाकडे पाहताना मेंदूची आठवण होणे अपरिहार्य आहे, पण नाते कुठे जुळते आणि कुठे तुटते हे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. सर्वांत जवळचे उदाहरण शरीराच्या दैनिक घड्याळाचे आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस या छोट्या भागात उंदरांमध्ये सुमारे २०,००० चेतापेशी असतात आणि त्यांतील बऱ्याच पेशींचे साधारण २४ तासांचे स्वतःचे घड्याळ असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या पेशी सुट्या करून विद्युतअग्रांच्या पट्टीवर वाढवल्या, तेव्हा एकाच बशीतील पेशी वेगवेगळ्या वेळी सक्रिय होताना दिसल्या. प्रत्येकीची लय टिकून होती, एकमेकींशी मेळ मात्र नव्हता. अखंड मेंदूत तो मेळ पेशींमधील रासायनिक संदेशांनी राखला जातो. व्हीआयपी नावाचे पेप्टाइड त्यांत प्रमुख आहे, आणि ज्या उंदरांत ते नसते त्यांच्या पेशींचा ताल विस्कटतो, प्राण्याची दिनचर्याही ढासळते. स्वतःची घड्याळे असलेले अनेक घटक आणि त्यांना जोडणारा क्षीण दुवा, ही रचना दोन्हीकडे सारखीच आहे. फरक मूल्याचा आहे: इथे एकताल हाच शरीराचा हेतू आहे, तिथे तो बिघाड होता.

मेंदूतही एकताल बिघाड ठरतो अशी उदाहरणे आहेत. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये मेंदूच्या खोल भागात १३ ते ३० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या) पट्ट्यातील लहरी प्रमाणाबाहेर वाढलेल्या आढळतात आणि लेव्होडोपा हे औषध दिल्यावर त्या घटतात. पीटर टास या संशोधकाने अशी कल्पना मांडली की पेशींच्या वेगवेगळ्या उपगटांना वेगवेगळ्या क्षणी विद्युतस्पंद देऊन त्यांची एकजूट मोडावी. प्रत्येक घटकाला वेगळ्या वेळी पुन्हा सुरू करायचे, ही कल्पना राउटरांच्या यादृच्छिक टायमरच्या अगदी जवळची आहे. अपस्मारातील ॲब्सेन्स प्रकारच्या झटक्यात ईईजीवर (मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखावर) दिसणाऱ्या सेकंदाला सुमारे तीन लहरींबाबत मात्र मी ही तुलना करणार नाही. तिथे प्रत्येक पेशीकडे तीन हर्ट्झचा स्वतःचा टायमर असतो आणि ते टायमर जुळतात, असे चित्र नाही. थॅलॅमस हा मेंदूचा खोल भाग आणि मेंदूचे बाह्यक यांच्यातील उत्तेजनाच्या आणि अवरोधाच्या फेऱ्यांतूनच तो वेग जन्माला येतो. ठेका दिसला म्हणून यंत्रणाही तीच, असे मानण्याची घाई इथे महागात पडते.

मानवी वर्तनातील समांतर उदाहरण टाळ्यांचे आहे. पूर्व युरोपातील नाट्यगृहांमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांवर आधारित एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक आधी जोरात आणि अस्ताव्यस्त टाळ्या वाजवतात. मग एकताल जमतो, आणि तो जमताना प्रत्येक जण आपली गती साधारण निम्मी करतो. संथ वाजवताना माणसामाणसांतील गतीचा फरक कमी होतो, म्हणून जुळणे शक्य होते. पण टाळ्या कमी झाल्याने एकूण आवाजाची सरासरी घटते, अधिक दाद देण्याच्या ओढीने लोक गती वाढवतात, आणि ताल पुन्हा मोडतो. इथेही निर्णायक गोष्ट तीच: घटकांच्या गतीतील विखुरलेपणा एका मर्यादेखाली गेला की एकताल जमतो, वर गेला की टिकत नाही. राउटरांच्या बाबतीत ते विखुरलेपण टायमरमधील अनियमिततेतून येत होते आणि अभियंत्याला ते हवे तितके वाढवता येत होते.

ठेका परस्परांमुळे की बाहेरून

अशा प्रकरणांत सर्वांत जास्त फसगत होते ती एका प्रश्नावर: दिसणारा ठेका घटकांच्या आपसातील प्रभावातून आला आहे, की सगळे एकाच बाहेरच्या घड्याळाकडे पाहत आहेत? दर तासाच्या ठोक्याला सर्व्हरवर ताण येतो तेव्हा बहुधा दुसरे कारण असते; हजारो यंत्रांवर कामे तासाच्या सुरुवातीला लावून ठेवलेली असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्हींवर अनियमितता घालणे हा उपाय चालतो, तरी निदान वेगळे आहे, कारण बाहेरच्या घड्याळाच्या बाबतीत संख्येचा उंबरठा नसतो. यंत्रे वाढतात तसा ताण सरळ प्रमाणात वाढतो.

फ्लॉइड आणि जेकबसन यांच्या प्रारूपातून यासाठी एक तपासणी निघते, आणि ती मला या प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. बाहेरच्या घड्याळाने आलेला ठेका नेमका ठरलेल्या कालावधीचा असतो आणि किती घटक सामील आहेत यावर तो अवलंबून नसतो. वर पाहिलेल्या यंत्रणेतून आलेला ठेका ठरलेल्या कालावधीहून किंचित लांब असतो, आणि ती लांबी गटाच्या आकाराबरोबर वाढते. १२० सेकंदांच्या टायमरवर २० राउटर एकत्र आले आणि प्रत्येक संदेशाला ०.१ सेकंद लागत असेल, तर निरीक्षकाला १२० नव्हे, १२२ सेकंदांच्या जवळपासचा ठेका दिसला पाहिजे. टायमरमधील अनियमिततेमुळे तो थोडा कमी भरेल, एवढेच. मग त्यांतील पाच बंद करावेत. ठेका सुमारे अर्ध्या सेकंदाने आखूड झाला, तर घटक एकमेकांना धरून आहेत. जसाच्या तसा राहिला, तर घड्याळ दुसरीकडे आहे आणि शोध तिकडे न्यायला हवा. यासाठी नोंद पुरेशी लांब आणि वेळेचे मोजमाप पुरेसे बारीक हवे, कारण एका फेरीत अर्ध्या सेकंदाचा फरक सहज निसटतो. शंभर फेऱ्यांनंतर तोच पन्नास सेकंदांचा होतो आणि आलेखावर उघड्या डोळ्यांनी दिसतो.